हातांची विद्या आणि पाठीचें दुखणें



पाठींत उसण भरली म्हणजे पायाळू माणसाला बोलावून आणावें, त्यानें दुखऱ्या जागीं हलकेच पाय लावावा आणि उसण उतरावी, ही समजूत आपल्यापैकीं बहुतेकांनीं घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली असेल. जन्मतांना जें मूल पायांकडून बाहेर येतें तें पायाळू. या समजुतीला हंसणें सोपें आहे. परंतु तिच्यामागचा प्रश्न हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. पायाळूचा पाय लागल्यावर पुष्कळांना खरोखरच बरें वाटतें. तें कां वाटतें? आणि पायाच्या ऐवजीं शिकलेला, सराव केलेला हात पाठीवर ठेवला तर त्यापासून होणारा गुण याहून वेगळा असतो काय? अमेरिकेंत उदय पावलेल्या ऑस्टिओपॅथी नांवाच्या हस्तोपचाराविषयीं गेल्या कांहीं दशकांत जी तपासणी झाली, तिच्या आधारें या प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. यवतमाळ जिल्ह्यांत दिवाळीच्या सुमारास कापूस फुटूं लागतो, कित्येक शेतांत सीतादहीची पूजा होते आणि वेचणीला आरंभ होतो. हें काम बहुतेक बायकांचें. कमरेला कापडाची ओटी बांधावयाची, खालच्या बोंडांपर्यंत वांकावयाचें, दोन्ही हातांनीं कापूस काढून ओटींत टाकावयाचा, आणि ओटी जड होत जाईल तसतसें तें ओझें कमरेवर वागवीत पुढच्या झाडाकडे सरकावयाचें. मजुरी वेचलेल्या किलोंवर मिळते. म्हणून पाठ सरळ करण्यास घेतलेली विश्रांति ज्याची त्यालाच महाग पडते. संध्याकाळीं घरोघर एकच तक्रार ऐकूं येते: कंबर धरली, पाठींत चमक निघते, नस चढली.

पाठ कां धरते हें समजण्यास तराजूची आठवण पुरेशी आहे. उभ्या माणसाच्या धडाचें वजन मणक्यांच्या खांबावरून सरळ खालीं उतरतें. तो पुढें वांकला कीं तेंच वजन कमरेपासून बरेंच पुढें जातें. परंतु त्याला सांवरून धरणारे पाठीचे स्नायु मणक्यांपासून अवघ्या दोनतीन बोटांवर असतात. लांब दांडीच्या टोंकाशीं लटकलेलें ओझें आंखूड दांडीनें तोलावयाचें म्हणजे बळ कित्येक पटींनीं अधिक लागणार. तें बळ तासन् तास लावून स्नायु थकतात व ताठतात. मणक्यांच्या मागच्या लहान सांध्यांनाहि ताण पोंचतो. शहरांत खुर्चीवर दिवसभर एकाच स्थितींत बसणाऱ्या माणसाची पाठहि अशीच कुरकुरते.

हें दुखणें किती पसरलेलें आहे याची थोडी कल्पना असावी. पुणें जिल्ह्यांतील भिगवण येथें जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेनुसार १९९६ सालीं घरोघर पाहणी सुरू झाली. तींत ४,०९२ प्रौढांपैकीं ७४६ जणांना, म्हणजे शेंकडा १८ जणांना, सांधे, स्नायु किंवा हाडें यांचें कांहींना कांहीं दुखणें असल्याचें आढळलें. साऱ्या जगांत २०२० सालीं कंबरदुखीनें पीडलेल्यांची संख्या सुमारें ६१ कोटी ९० लक्ष असल्याचा अंदाज आहे. त्यांपैकीं फार मोठ्या भागाच्या बाबतींत क्ष-किरणांच्या चित्रावर बोट ठेवून 'हेंच कारण' असें सांगतां येत नाहीं. जेथें कारण दिसत नाहीं आणि वेदना मात्र खरी असते, तेथें हातांच्या विद्येला नेहमींच मान मिळत आला आहे.

ऑस्टिओपॅथीचा जनक अँड्र्यू टेलर स्टिल हा अमेरिकेंतील एका सीमावर्ती प्रांतांत वैद्यकी करीत असे. १८६४ सालीं मेंदूच्या आवरणाच्या दाहानें त्याचीं तीन मुलें दगावलीं. त्या काळचें वैद्यक म्हणजे पाऱ्याचीं औषधें, अफू आणि मद्य. त्यांवरचा त्याचा विश्वास उडाला. हाडें व सांधे यांची मांडणी बिघडली म्हणजे रक्ताचा प्रवाह अडतो आणि त्यांतून रोग उत्पन्न होतात. ती मांडणी हातांनीं सुधारली कीं शरीर स्वतःला बरें करतें, असा सिद्धांत त्यानें १८७४ सालीं पुढें मांडला. १८९२ सालीं मिसूरी संस्थानांतील कर्क्सव्हिल गांवीं त्याची शाळा निघाली. तिच्या नांवांतील 'ऑस्टिऑन' हा ग्रीक शब्द म्हणजे आपल्या 'अस्थि' शब्दाचाच सगोत्र होय. शाळा निघण्यापूर्वीं गांवोगांव हिंडतांना स्टिल स्वतःला 'विजेच्या वेगाचा हाडवैद्य' म्हणवीत असे. आपल्या हाडवैद्याशीं त्याचें नातें येथेंच जुळतें, आणि त्याच्या सिद्धांताची चूकहि येथेंच उगवते.

निखळलेला खांदा हाडवैद्य ओढून बसवितो तेव्हां हाड खरोखरच जागेवरून सुटलेलें असतें आणि खरोखरच जागेवर येतें. सुश्रुतसंहितेंत मोडलेल्या व निखळलेल्या हाडांच्या चिकित्सेंत ओढणें, दाबणें, जुळविणें व बांधणें या क्रिया सांगितल्या आहेत, त्या अशाच प्रसंगीं. परंतु पाठ धरलेल्या माणसाचा मणका असा सुटलेला नसतो. मणक्यांना बांधणारे अस्थिबंध इतके बळकट असतात कीं मोठ्या अपघातावांचून मणका जागा सोडीत नाहीं. खांद्याचा अनुभव पाठीला लावला आणि 'मणका सरकला, तो बसविला' ही भाषा रूढ झाली. ती आजहि ऐकूं येते.

मग ऑस्टिओपाथचा हात करतो तरी काय? त्याच्या क्रियांचे चार मुख्य प्रकार सांगतां येतील. पहिला मर्दनाचा. ताठलेल्या स्नायूवर तळहात ठेवून त्याच्या धाग्यांना आडवा, मंद ताण द्यावयाचा, क्षणभर धरावयाचें आणि सोडावयाचें. आपल्या मालिशीचें हें सख्खें भावंड. मात्र येथें तेलापेक्षां ताणाला महत्त्व अधिक. दुसरा प्रकार सांधा खेळविण्याचा. रोग्यानें अंग सैल सोडावें आणि उपचारकानें त्याचा पाय किंवा खांदा धरून सांधा सहज जाईल तेथवर, झोका दिल्यासारखा, पुन्हां पुन्हां फिरवावा.

तिसऱ्या प्रकारांत रोग्याचेंच बळ कामीं लावतात. समजा, मांडीचा मागचा स्नायु आंखडला आहे. रोगी उताणा निजतो, उपचारक त्याचा पाय सरळ वर उचलतो आणि ताण जाणवतांच थांबतो. मग रोग्यानें टाचेनें उपचारकाच्या हातावर पांचसहा सेकंद हलका जोर द्यावयाचा. उपचारकानें पाय जागचा हलूं द्यावयाचा नाहीं. जोर सोडला, श्वास सोडला, कीं पाय आणखी थोडा वर जातो. असें तीनचार वेळां करावयाचें. यांत स्नायु तेवढ्यांत लांब होतो असें नव्हे. ताण सोसण्याची त्याची तयारी वाढते.

चौथा प्रकार झटक्याचा, आणि लोकांना ठाऊक असलेला बहुधा हाच. रोग्याला कुशीवर निजवून, वरचा खांदा मागें व वरचा गुडघा पुढें नेऊन, कंबरेला पीळ देत सांधा त्याच्या सहज मर्यादेपर्यंत आणतात. तेथून पुढें एक अगदीं आंखूड पण चपळ धक्का देतात. 'कट्' असा आवाज होतो आणि पाहणारा म्हणतो, बसला मणका!

हा आवाज आपल्याला परका नाहीं. लेकराची दृष्ट काढतांना घरांतील बायका आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटें मोडतात, तोच तो. सांध्यांत वंगणासारखा द्रव असतो. हाडांचीं टोंकें झटकन् दूर झालीं कीं आंतील दाब एकदम उतरतो आणि द्रवांत वायूची पोकळी निर्माण होते. २०१५ सालीं कॅनडांतील आल्बर्टा विद्यापीठांत संशोधकांनीं बोटाचा सांधा ओढला जात असतांना चुंबकीय प्रतिमायंत्रानें त्याचीं चित्रें घेतलीं. आवाजाच्या क्षणींच ती पोकळी त्यांत उमटलेली दिसली. बोटें मोडल्यावर तीं जशीं पूर्वींच्याच ठिकाणीं असतात तसाच मणकाहि असतो. आराम पडतो तो हाड बसल्यामुळें नव्हे. धक्क्याच्या संवेदनेनें वेदनेचा मार्ग कांहीं काळ मंदावतो आणि स्नायूंची ताठरता सैल होते, असें आतां मानलें जातें. हल्लीं मोबाइलच्या पडद्यावर असे आवाज काढून दाखविणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा आवाज ऐकावा, पण त्यावरून गुणाचें माप काढूं नये.

या चौघांखेरीज आणखी एक शाखा आहे. स्टिलच्या शाळेंतून निघालेल्या विल्यम सदरलँड यानें कवटीच्या हाडांना सूक्ष्म लयबद्ध गति असते व ती बोटांना कळते, असें प्रतिपादन केलें. परंतु एकाच डोक्यावर दोन परीक्षकांनीं हात ठेवले तर त्यांनीं मोजलेली लय एकमेकींशीं जुळत नाहीं. पाठीच्या बाबतींतहि, 'हाच मणका अडकला आहे' याविषयीं दोन अनुभवी परीक्षकांचें एकमत क्वचितच होतें. मात्र 'येथें दाबलें कीं दुखतें' एवढ्यापुरतें त्यांचें मत बरेंच जुळतें. हाताला पुष्कळ कळतें. परंतु हाताला जें कळल्यासारखें वाटतें तें सर्वच खरें नसतें.

आतां गुण येतो कीं नाहीं, या मुख्य प्रश्नाकडे वळूं. पायाळूला लोक केव्हां बोलावतात? दुखणें शिगेला पोंचलें म्हणजे. शिगेला पोंचलेली वस्तु पुढें उतरतेच. अचानक भरलेली उसण बहुतेकांच्या बाबतींत कांहीं दिवसांत, फार तर कांहीं आठवड्यांत, आपोआप ओसरते. त्या काळांत जो कोणी पाठीला हात किंवा पाय लावील त्याच्या पदरीं यश पडतें. शिवाय कोणी आपलें दुखणें मन लावून ऐकलें, पाठीवरून आश्वासक हात फिरविला, कीं वेदना तेवढ्यानेंहि हलकी होते. हा लाभ खोटा नाहीं. पण तो त्या विशिष्ट क्रियेचा नव्हे. पायाळूचें कोडें येथें सुटतें.

म्हणून एखाद्या उपचाराचा खरा गुण पाहावयाचा तर 'माझ्या रोग्यांना बरें वाटलें' हें पुरत नाहीं. सारखे रोगी घ्यावयाचे, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करावयाचे, एका गटाला तो उपचार द्यावयाचा, दुसऱ्याला अन्य उपचार किंवा नुसता दिखाऊ स्पर्श, आणि मग दोहोंची तुलना करावयाची.

असे प्रयोग झाले आहेत. १९९९ सालीं अमेरिकेंतील एका प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. तीन आठवड्यांहून अधिक पण सहा महिन्यांहून कमी काळ पाठ दुखत असलेल्या १५५ रोग्यांपैकीं कांहींना ऑस्टिओपॅथीचे हस्तोपचार व कांहींना नेहमींचे उपचार दिले. बारा आठवड्यांनीं दोन्ही गट सारखेच सुधारले. मात्र हस्तोपचार घेणाऱ्यांना औषधें कमी लागलीं. ब्रिटनमध्यें १,३३४ रोग्यांवर झालेला प्रयोग २००४ सालीं प्रसिद्ध झाला. तेथें मणक्यांवरील हस्तोपचारांनीं तीन महिन्यांपर्यंत लहान ते मध्यम आणि वर्षअखेरपर्यंत लहानसा लाभ दिसला. हस्तोपचारांना व्यायामाची जोड दिली तेव्हांहि फायदा आढळला. सर्वांत कसोटीचा प्रयोग फ्रान्समधील, २०२१ चा. ४०० रोग्यांपैकीं निम्म्यांना ऑस्टिओपॅथीचे सहा खरे उपचार मिळाले. उरलेल्यांना तशाच खोलींत, तशाच हातांनीं, पण केवळ हलका स्पर्श. तीन महिन्यांनीं हालचालींतील अडचण मोजली तेव्हां खऱ्या उपचाराची सरशी झाली. पण ती शंभर गुणांच्या मापावर तीनचार गुणांचीच, आणि वेदनेंत लक्षांत घेण्याजोगा फरक नव्हता. एवढ्या फरकाचा रोग्याला व्यवहारांत कितपत उपयोग, अशी शंका खुद्द संशोधकांनींच व्यक्त केली.

यांतून निष्कर्ष निघतो तो असा. कंबरदुखीवर हस्तोपचार निरुपयोगी नाहींत. त्यांचा गुण माफक आहे, व्यायामादि अन्य चांगल्या उपचारांच्या तोडीचा आहे, आणि त्यांत स्पर्शाचा व विश्वासाचा वांटा मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें डिसेंबर २०२३ मध्यें दीर्घकालीन कंबरदुखीसाठीं मार्गदर्शन प्रसिद्ध केलें. त्यांत रोग्याला नीट समजावून सांगणें व व्यायाम यांच्या जोडीला मणक्यांवरील हस्तोपचार व मालीश यांनाहि जागा आहे. कमरेचे पट्टे व वजन लावून पाठ ताणणें मात्र नको म्हटलें आहे. दमा, मधुमेह, रक्तदाब किंवा लहान मुलांचें रडणें हातांनीं बरें करूं म्हणणाऱ्यांच्या पाठीशीं असा भरंवशाचा पुरावा नाहीं.

येथवर गुणाचें झालें. धोक्याचा विचार करतांना पुन्हां यवतमाळकडे पाहावें लागतें. कारण त्या जिल्ह्यांत 'वात' किंवा 'उसण' म्हणून चोळलें जाणारें दुखणें कधीं कधीं अगदीं निराळें निघतें. विदर्भांतील आदिवासी व अन्य कांहीं समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग आढळतो. त्यांत तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पाठ, छाती, हातपाय यांत असह्य कळा येतात. अशा मुलाला रगडून कांहीं होत नाहीं. त्याला पाणी, वेदनाशामक आणि रुग्णालय हवें. रक्ताच्या साध्या चांचणीनें या रोगाची शंका घेतां येते, आणि त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्यें सुरू झाली आहे.

दुसरें कारण पाण्याचें. जिल्ह्याच्या कांहीं भागांतील विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यांत फ्लोराइड अधिक आहे. एका लिटरमध्यें दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असलेलें पाणी वर्षानुवर्षें प्यालें म्हणजे दांतांवर डाग पडतात. प्रमाण फारच अधिक असेल तर अस्थिबंधांत चुना सांठून पाठ व मान लांकडासारखी ताठ होते. ही ताठरता झटक्यानें सैल होणारी नाहीं. उलट अशा मानेला झटका देणें घातक ठरेल. तेथें उपचार पाण्यापासून सुरू करावा लागतो. तिसरें कारण मणक्याचा क्षय. रात्रीं वाढणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणें, पुढें पाठीवर येणारा उंचवटा, हीं त्याचीं लक्षणें. औषधांनीं तो बरा होतो. पण महिनेच्या महिने चोळण्यांत गेले तर पाय लुळे पडूं शकतात.

म्हणून हात लावण्यापूर्वीं कांहीं प्रश्न विचारलेच पाहिजेत. ताप आहे काय? वजन उतरलें आहे काय? पडल्यानंतर दुखूं लागलें काय? पायांतील शक्ति कमी झाली, मांड्यांच्या आंतील भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा आपोआप होऊं लागली काय? पूर्वीं कर्करोग झाला होता काय? यांपैकीं एकाचेंहि उत्तर होकारार्थी असेल तर प्रथम डॉक्टर. शेवटच्या लक्षणांत तर त्याच दिवशीं. यवतमाळ येथें १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; अशा रोग्याची वाट मालिशवाल्याच्या घराकडे नव्हे, तिकडे वळली पाहिजे. आणि मानेला जोराचा झटका कोणाकडूनहि घेऊं नये. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी अशा झटक्यानें फाटून पक्षाघात झाल्याचीं उदाहरणें विरळ आहेत, पण आहेत.

उपचारकाची निवड करतांनाहि सावधपणा हवा. अमेरिकेंत ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेला मनुष्य पूर्ण वैद्यक शिकलेला डॉक्टर असतो. ब्रिटनमध्यें १९९३ च्या कायद्यानें हा नोंदणीचा स्वतंत्र व्यवसाय झाला. भारतांत मात्र ऑस्टिओपॅथीला आयुर्वेद किंवा होमिओपॅथीप्रमाणें स्वतंत्र वैद्यकपद्धति म्हणून मान्यता नाहीं. तेव्हां पाटीवरच्या शब्दापेक्षां त्यामागचें शिक्षण विचारावें. महाराष्ट्रांत फिजिओथेरपिस्टांची नोंदणी करणारी परिषद आहे. नोंदणी आहे काय, किती वेळां यावें लागेल, आणि मला घरीं कोणता व्यायाम शिकवाल, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. जो चारसहा वेळांनंतरहि गुण नसतांना येतच राहा म्हणतो आणि घरीं करण्यासारखें कांहींच शिकवीत नाहीं, त्याचा नाद सोडावा. साध्या उसणीला मात्र घाबरण्याचें कारण नाहीं: शेक घ्यावा, अंथरुणाला खिळून राहूं नये, सोसेल तेवढें चालावें, घरच्या माणसाकडून हलक्या हातानें पाठ चोळून घ्यावी.

राहतां राहिली वेचणीवाली. सहा बैठकांचा उपचार तिच्या वाट्याला येणें कठीण, आणि आला तरी दुसऱ्या दिवशीं तीच ओटी तिच्या कमरेला असणार. तिच्या पाठीचें ओझें हलकें करण्याचा मार्ग तिच्या कामांतूनच जातो: ओटी पूर्ण भरण्याची वाट न पाहतां ती लवकर रिकामी करतां यावी, गठ्ठ्याची जागा जवळ असावी, तासातासानें पाठ सरळ करण्याइतकी उसंत मिळावी आणि त्या उसंतीची मजुरी कापली जाऊं नये. शहरांत राहून ज्यांचीं शेतें वऱ्हाडांत आहेत अशीं कुटुंबें आपल्या श्रोत्यांत असतील. त्यांनीं यंदाच्या वेचणीपूर्वीं आपल्या शेतावर एवढी व्यवस्था लावून द्यावी, इतकी विनंति करून मी आपली रजा घेतों.